झुरिकच्या आधी सांगलीत तालीम

ताई,
मी सांगलीत कथकचा वर्ग चालवते. विशारद केलं, मग दोन वर्षं बंगळुरूला समकालीन नृत्य शिकून परत आले. आमचा सहा जणांचा संच आहे: चार मुली, मी आणि हलगीवाले तात्या. हलगी आणि कथक यांची आमची वीस मिनिटांची रचना झुरिकच्या एका नृत्यरचनाकाराने पुण्यातल्या महोत्सवात पाहिली. आता त्याचा मेल आलाय. आम्हाला घेऊन त्याला तासाभराचा नवा प्रयोग करायचाय. सहा आठवडे तालीम झुरिकला, पहिला प्रयोग तिथेच, मग युरोपात दौरा. विमानाचं तिकीट, राहणं आणि रोजचा भत्ता ते देणार. संकल्पना आणि नृत्यरचना त्याच्या एकट्याच्या नावावर, आम्ही 'सहभागी कलाकार'. घरचे म्हणतात, लक्ष्मी टिळा लावायला आलीय, तोंड धुवायला जाऊ नकोस. गुरुजी म्हणतात, घुंगरू विकायला काढू नकोस. तात्यांनी एकच विचारलं, "कागदावर माझं नाव कसं येणार?" मला उत्तर देता आलं नाही. काही मागितलं तर ते दुसरा संच शोधतील अशी भीती वाटते. काय करू?
– सांगलीची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तात्यांचा प्रश्न आधी घेते. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, आणि तो विचारणारा माणूस तुझ्या संचात आहे हे तुझं भाग्य.

नृत्याच्या प्रयोगांची निर्मिती-व्यवस्था बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातला एक प्रसंग तुला सांगायलाच हवा. उत्तर युरोपातलं एक शहर, डिसेंबर महिना. आमच्याबरोबर बार्शीकडचे एक हलगीवादक होते. हलगी रात्रभर थिएटरच्या ओलसर तळघरात राहिली आणि सकाळी चामडं पार ढिलं पडलं. आपल्याकडे अशा वेळी पाचट किंवा कागद पेटवतात, हलगी शेकतात, आवाज परत चढतो. तिथे थिएटरमध्ये उघडी आग म्हणजे अग्निशमन विभागाची परवानगी आणि त्यांचा माणूस हजर. शेवटी तिथल्या प्रकाशवाल्या पोराने हजार वॅटचा एक दिवा स्टँडवर लावून दिला. आमचे वादक त्या दिव्यासमोर उभे राहिले आणि तव्यावर भाकरी फिरवावी तशी हलगी फिरवू लागले. मधेच अंगठ्याने दाबून बघायचं, एक टिचकी मारायची, कान द्यायचा, पुन्हा फिरवायचं. पाचेक मिनिटांत हलगी बोलायला लागली.

नृत्यरचनाकार कोपऱ्यातून हे बघत होता. त्याला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते प्रयोगात आलं. सगळीकडे अंधार, मंचाच्या पुढच्या बाजूला तो एक दिवा, आणि चार मिनिटं एक माणूस हलगी शेकतोय. लोक भारावून गेले. रात्री मुक्कामाच्या स्वयंपाकघरात वादक मला म्हणाले, "बाई, वाजवणं दाखवायचं असतं. शेकणं हे आमचं घरातलं काम आहे, ते लोकांपुढं नाही करत आम्ही." तीन प्रयोग उरले होते. करारात याबद्दल एक ओळ नव्हती. मी त्यांना म्हणाले, एवढं निभावून न्या. त्यांनी नेलं. शेवटच्या दिवशी प्रयोगाची छापील पत्रिका माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, यात माझं नाव कुठं आहे ते दाखवा, घरी न्यायचंय. त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. नर्तकांची नावं होती, दिवे लावणाऱ्याचं होतं, आणि त्यांच्या जागी 'पारंपरिक ढोलवादक' एवढंच छापलेलं होतं. मला त्या कागदावर कुठेही बोट ठेवता आलं नाही.

तो नृत्यरचनाकार वाईट माणूस नव्हता. त्याने आमच्या वादकांबरोबर दहा दिवस काढले होते, आणि दहा दिवसांत डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं त्याने पाहिलं. दाखवायचं काय आणि झाकायचं काय हे कळायला जास्त दिवस लागतात, आणि ते दिवस त्या माणसाच्या गावात काढावे लागतात. म्हणून पैशाच्या आधी दिवस माग. सहा आठवड्यांपैकी तीन सांगलीत. त्याने आणि त्याच्या नर्तकांनी इथे यायचं, तुझ्या वर्गात तालीम करायची, तात्या जिथे वाजवतात त्या कुस्तीच्या मैदानात आणि जत्रेत जाऊन बसायचं. मग तुम्ही झुरिकला जायचं. तुला करारात एकच गोष्ट मागता येणार असेल तर मी हीच माग म्हणेन. बाकीचं निम्मं त्यातून आपोआप ठरतं.

हे मागणं जगावेगळं आहे असं समजू नकोस. तुझं आमंत्रण स्वित्झर्लंडहून आलंय म्हणून सांगते, अशा देवाणघेवाणीची आपल्याकडची एक फार जुनी गोष्ट स्विस बाईचीच आहे. नर्तक उदयशंकर १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचले हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा उदयशंकर तिच्या संचातले पाहुणे होते. पुढे ॲलिस बोनर नावाच्या स्विस शिल्पकार बाईंनी त्यांचं नृत्य झुरिकला पाहिलं, आणि त्या दशकाच्या शेवटी त्या त्यांच्याबरोबर भारतात आल्या. गावोगाव फिरल्या, वाद्यं जमवली, वादक पाहिले, संच उभा करायला पैसा घातला. १९३१ मध्ये हा संच पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरमध्ये उभा राहिला तो उदयशंकरांचा संच म्हणून. दहा-अकरा वर्षांचे रविशंकर त्यात होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराली पुढे त्या संचाचं संगीत बघायचे. ॲलिसबाई नंतर बनारसला गंगेकाठी राहिल्या, आयुष्याची चाळीसेक वर्षं. पावलोव्हाच्या वेळी आणि ॲलिसबाईंच्या वेळी नाचणारा माणूस तोच होता. फरक पडला तो कोण कुणाकडे आलं यामुळे.

मुंबईतही हे घडलंय. १९८४ मध्ये मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या गेऑर्ग लेश्नर यांनी एनसीपीए या कलाकेंद्रात पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरवला. परदेशी नर्तक इथे आले, एकमेकांचं काम बघितलं, वाद घातले. नृत्यरचनाकार चंद्रलेखा कितीतरी वर्षं मंचापासून दूर होत्या, त्या तिथे परत आल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची 'अंगिका' ही नृत्यरचना उभी राहिली. त्या संवादातून दुसरं काहीच निघालं नसतं तरी मला चाललं असतं.

दुसराही नमुना सांगते, म्हणजे तुझ्यापुढचा प्रस्ताव नेमका कुठल्या जातीचा आहे ते ओळखता येईल. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांचा वुपरटाल शहरातला संच एखाद्या शहरात काही आठवडे राहायचा, तिथलं बघायचा, आणि परत जाऊन त्या शहरावरून प्रयोग बांधायचा. १९८६ मध्ये रोमपासून त्यांनी हे सुरू केलं. भारतात राहून केलेला त्यांचा 'बांबू ब्लूज' २००७ चा. त्यात फसवाफसवी काहीच नाही. नर्तक त्यांचे, नजर त्यांची, नाव त्यांचं, भारत हा विषय. तुझ्या मेलमधला माणूस मात्र तुमची अंगं, तुमची हलगी, तुमची आधीच बांधलेली वीस मिनिटं घेऊन प्रयोग करणार आहे. तेव्हा तुम्ही विषय नाही, कर्ते आहात, आणि कर्त्यांची नावं कर्त्यांच्या जागी यायला हवीत.

फ्रान्सचा नृत्यरचनाकार जेरोम बेल आणि थायलंडचा नर्तक पिचेत क्लुनचुन यांनी २००४ च्या सुमारास बँकॉकमध्ये एक प्रयोग केला. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, उठून करून दाखवतात. पिचेत 'खोन' या थाई मुखवटा-नृत्याचा पक्का माणूस. मला तो प्रयोग मनापासून आवडतो, कारण त्यात प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. पण त्याचं नाव होतं 'पिचेत क्लुनचुन आणि मी'. या नावातला 'मी' कोण हे तुझ्या मुलींना विचार. दहा मिनिटं चर्चा होऊ दे. मग झुरिकचा मेल पुन्हा एकदा सगळ्यांनी मिळून वाचा.

आता तालमीच्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण तीन आठवडे इथेच का हवेत हे तुला त्याला पटवून द्यावं लागेल. तुझ्या मुली तीनतालात सोळा मात्रा मोजतात आणि तिहाईचा, म्हणजे तीनदा येणाऱ्या बोलांचा, शेवटचा 'धा' समेवर आणून टाकतात. सम म्हणजे पोचण्याची जागा. त्याचे नर्तक आठ मोजतात. त्यांची हालचाल आठवर संपते आणि एकवर नवी सुरू होते. म्हणजे तुझ्या मुली ज्या क्षणी येऊन थांबणार, त्याच क्षणी त्यांचे लोक निघणार. पहिले दोन दिवस सगळ्यांना वाटतं, समोरचा ताल चुकतोय. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, आपण रेकॉर्ड केलेल्या संगीतावर करू, मोजायला सोपं जाईल. तिथे हलगी मेली. झुरिकला घड्याळ लावून भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये हे फार पटकन होतं. सांगलीत रात्री जेवल्यावर तात्या ओसरीत बसून वाजवतील, ती पोरं मांडीवर ताल धरतील, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एखादीला एकदम सापडेल की शेवट आणि सुरुवात एकाच ठोक्यावर असू शकतात. मी हे होताना बघितलंय. तो क्षण प्रयोगात आला की प्रेक्षकांना काहीही समजावून सांगावं लागत नाही.

जमिनीचं मात्र आधीच बघ. तुझ्या वर्गात शहाबादी फरशी असेल, तर त्यांच्या उड्यांना आणि जमिनीवर लोळून करायच्या कामाला ती चालणार नाही, गुडघे जातील. मांडववाल्याकडून जाड प्लायवूड घे, खाली रबरी मॅट टाक, वर लिनोलियम अंथर. तिकडे उलटं होईल. त्यांच्या लवचिक लाकडी मंचावरच्या मऊ आच्छादनात तुझा तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, गिळला जाईल, नुसते घुंगरू ऐकू येतील. एका भागात उघडी फळी किंवा मंचाखाली माइक हवा हे तांत्रिक मागण्यांच्या कागदात पहिल्या दिवसापासून लिही. आणि हलगी शेकायला विंगेत, पडद्याआड, एक तापणारा दिवा. विंगेत हा शब्द ठळक कर.

करारात नावांचा भाग असा माग: संकल्पना त्याची आणि तुझी. नृत्यरचना दोघांची, आणि 'नर्तकांच्या सहभागाने' असं लिहून चारही मुलींची पूर्ण नावं. हलगीरचना आणि वादन, पुढे तात्यांचं पूर्ण नाव, पोस्टर असो की पत्रिका की वेबसाइट. तुमची मूळ वीस मिनिटं स्वतंत्र ओळीत नोंदव: कधी बांधली, कुणी बांधली. तिचं तारखेसह चित्रीकरण करून ठेव आणि हालचालींची लेखी टिपणंही ठेव. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा नृत्यरचनेला नाट्यकृतीत धरतो, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात पक्की केलेली असेल तरच. कथकचे तोडे किंवा हलगीचे परंपरेतले ठेके यांवर कुणाचाच हक्क नाही, तुझाही नाही. तुम्ही त्यातून जी बांधणी केली तिच्यावर आहे. सादर करणाऱ्याचे हक्क वेगळे असतात आणि आपल्या कायद्यात ते पन्नास वर्षं टिकतात, म्हणून चित्रीकरण कुठे, किती वेळ आणि कशासाठी दाखवणार हे लिहून घे. आणखी एक ओळ, जी मी स्वतः पुढच्या प्रत्येक करारात घातली: तात्या नसतील तर त्यांच्या वादनाचं रेकॉर्डिंग लावून प्रयोग करायचा नाही. आणि मंचावर काय करायचं नाही हे सांगायचा हक्क प्रत्येक कलाकाराला, कारण न देता.

भत्ता म्हणजे मानधन नव्हे, हे त्यांना स्पष्ट लिही. भत्त्यातून तुम्ही तिथे जेवणार. इथे सहा आठवडे वर्ग बंद राहील, तात्यांच्या लगीनसराईच्या सुपाऱ्या बुडतील, ते कोण भरून देणार? तालमीच्या आठवड्यांना मानधन हवं, प्रयोगाचं वेगळं हवं, आणि त्यांच्या नर्तकांना ज्या हिशेबाने मिळतं त्याच हिशेबाने हवं. पहिला हप्ता सही झाल्यावर लगेच.

तुझी संस्था नोंदणीकृत असेल तर चांगल्या सी.ए.कडे आधी जा. परदेशातून अनुदान घ्यायला २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० पासून त्यासाठी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं उघडावं लागतं. दुसऱ्या ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून पैसा वळवून घेऊ, असं कुणी सुचवेल. आता ते कायद्याने बंद आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. कराराने केलेल्या कामाचा व्यावसायिक मोबदला ही वेगळी गोष्ट आहे, तेव्हा कागदावर 'अनुदान' आहे की 'मानधन' या एका शब्दाने बराच फरक पडतो. तिकडे कर कापला तर त्याचा दाखला न घेता परत येऊ नकोस, इथे विवरणपत्र भरताना तो लागेल.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून तालीम आणि दौरा मिळून दिवस मोज. तीन आठवडे सांगलीत झाले तर इथेही तुझाच फायदा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, लवकर कर. काम करण्याची परवानगी प्रत्येक देशाची निराळी असते. दौऱ्यातल्या प्रत्येक देशाबद्दल यजमानांकडून लेखी विचारून घे. त्यांनी इथे यायचं झालं तरी हेच, पर्यटक व्हिसावर तालीम आणि प्रयोग नकोत. तात्यांकडे विवरणपत्रं आणि भरलेलं बँकखातं नसेल, तर सगळा खर्च यजमान करणार आणि हे अमुक वादक या प्रयोगाला अत्यावश्यक आहेत असं नावानिशी पत्र हवं. एकदा आमच्या ढोलकीवाल्याचा व्हिसा निघायच्या दहा दिवस आधी नाकारला गेला, कारण पत्रात नुसतं 'आणि वादक' लिहिलं होतं. म्हणजे बघ, नाव नसल्याने किती प्रकारे अडतं.

गुरुजींचं मी थोडक्यात सांगते. त्यांची काळजी खरी आहे. समकालीन नर्तक अस्ताद देबू लहानपणी कथक शिकले, मग लंडनला अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहॅमची पद्धत, पुन्हा इकडे कथकली. आणि शेवटपर्यंत मणिपूरच्या पुंग नावाच्या ढोलाच्या वादकांबरोबर, कोलकात्याच्या कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. त्यांच्या पायातलं काही विकलं गेलं असं मला कधी वाटलं नाही. पण हे गुरुजींना सांगून पटवू नकोस. सांगलीतल्या तालमीला त्यांना खुर्ची टाकून बसव आणि झुरिकच्या मुलांना त्यांच्यापुढे नाचायला लाव. ते जे बोलतील ते ऐक, कडू असलं तरी.

राहिली भीती. त्या माणसाने पुण्यात शंभर गोष्टी पाहिल्या असतील आणि पत्र तुला लिहिलं. तुमच्यासारखा दुसरा संच त्याला बाजारात मिळणार नाही, कारण तात्या आणि तुझ्या मुली एकत्र कशा वाजतात-नाचतात ते तुमच्या वर्गातच तयार झालंय. नेटका, मोकळा मेल लिही. तक्रारीचा सूर नको. 'आम्हाला हा प्रयोग तुमच्याबरोबर करायचाय, आणि तो चांगला व्हावा म्हणून हे हवंय' असं लिहून दिवस, नावं, मानधन या क्रमाने माग. इथे येण्याच्या खर्चासाठी त्याला वाटही दाखव: स्वित्झर्लंडच्या प्रो हेल्वेशिया या कलासंस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे आणि दोन्हीकडच्या कलाकारांच्या अशाच येण्याजाण्याला ती मदत करते. त्याने अर्ज करावा, तू आमंत्रणाचं पत्र दे. आणि शेवटचा एक प्रयोग सांगलीत, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात, हेही घाल. तात्यांच्या घरची माणसं पहिल्या रांगेत बसलेली मला बघायचीत. मी येईन.

एवढं मागितल्यावर तो मागे फिरला, तर मला पुन्हा लिही. रडू येईल तुला, मला माहितीये. पण मग ती तीन आठवड्यांची तालीम आपण इथेच, आपल्याच माणसांबरोबर कशी उभी करायची त्याचा विचार करू.

आज संध्याकाळी मात्र एक काम कर. तात्यांकडे पासपोर्ट आहे का विचार, नसेल तर अर्ज भर. भरताना त्यांना शेजारी बसव आणि कागदावर नाव कसं यायला हवं ते त्यांच्याकडूनच वदवून घे: वडिलांच्या नावासह, आडनावासह, लोक ज्या नावाने हाक मारतात ते हवं असेल तर त्यासह. तेच जसंच्या तसं झुरिकच्या मेलमध्ये उतरव.

तुझी,
ताई